अंगठ्याचं गाणं

गिटारला उजव्या हाताची चार बोटं लागतात, असं पुस्तकात लिहिलं होतं. जाड तारा अंगठ्याने छेडाव्या आणि बारीक तारा बाकीच्या तीन बोटांनी. मी एक अख्खं गाणं नुसत्या अंगठ्यावर बसवलं आणि तीन महिने त्यात काही चुकतंय अशी शंकासुद्धा मला आली नाही. हजेरीपटावर सही करून दिवसभर बसून राहणारे कारकून मी जन्मभर पाहिले आहेत, त्यामुळे त्या तीन बोटांच्या रिकामपणाचं मला नवल वाटलं नसावं.

गिटार आमच्या घरी आली ती पलंगाबरोबर. पंचावन्न सालच्या थंडीत भुसावळच्या रेल्वे-वसाहतीतला एक अँग्लो-इंडियन गार्ड बिऱ्हाड मोडून ऑस्ट्रेलियाला निघाला होता. आम्ही त्याचा पलंग घेतला. त्यावर ही पडून होती, ती उचलून ठेवायला घरात जागा नाही म्हणून त्याच्या बायकोने पलंगासकट ती आमच्या गाडीत घातली. बरोबर एक पुस्तक आलं. एक बारीक तार तुटलेली होती, ती आली नाही. ऑफिसच्या नाटकाला मी दोनदा पेटी वाजवली असल्यामुळे वाद्य म्हटलं की जळगावच्या कचेरीत माझंच नाव घेत, आणि मीही ते घेऊ देत असे.

तिथेच तोताराम शिपाई होता. भडगावकडचा, धर्माने ख्रिस्ती, पन्नाशी उलटलेला, आणि छातीने इतका रुंद की साहेबांच्या दारात उभा राहिला की दार लावल्यासारखं वाटे. त्याची बायको शेवंताबाई आदल्या नाताळाच्या तोंडावर वारली होती. फेब्रुवारीत एकदा तो माझ्या टेबलाशी आला आणि फायली ठेवायच्या त्या जागी त्याने एक पत्र ठेवलं.

"रावसाहेब, धुळ्याहून बेबानी चिठ्ठी उनी शे."

बेबा त्याची एकुलती एक मुलगी. धुळ्याच्या दवाखान्यात नर्स होती, तिथलंच स्थळ ठरलं होतं, मे महिन्यात तिथल्याच देवळात लग्न होतं. ही मंडळी चर्चला देऊळच म्हणतात. पत्रात तिने लिहिलं होतं की आई असती तर तिने आपलं गाणं म्हटलं असतं. आता निदान ते वाजावं आणि त्यावर मी दारातून आत यावं, एवढीच माझी इच्छा आहे. पण देवळातल्या पायपेटीचा भाता उंदरांनी खाल्ला आहे.

ते गाणं, तोतारामने सांगितलं, मिशनच्या आवारात एका म्हाताऱ्या मडमेने शिकवलेलं होतं. मडम तिच्या देशी गेली, गाण्याचा कागद तिच्याबरोबर गेला, आणि नव्या पुस्तकात ते छापायचं राहिलं. आता ते फक्त तोतारामच्या घरात उरलं होतं. सव्वीस वर्षं रोज दिवेलागणीला, जेवणाआधी, नवराबायको ते म्हणत. आता तो एकटाच म्हणे.

"तुम्हनी ती गितार शे ना," तो म्हणाला.

मी सगळ्या कचेरीदेखत शब्द दिला. तोताराम, तू गा, मी उतरवून घेतो, आणि तुझी मुलगी आईच्या गाण्यावरच आत येईल. हेडक्लार्क जीवरामभाऊंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. माणूस अशा वेळी फार उदार होतो.

रविवारी तोताराम आमच्या ओसरीवर आला. टोपी काढून हातात घेतली, डोळे मिटले, ताठ उभा राहिला आणि गायला लागला. आवाज इतका खालून येत होता की कोनाड्यातला पितळी तांब्या थरथरू लागला. आमच्या सौभाग्यवती सुनंदाबाई आतून परात घेऊन आल्या होत्या, त्या परातीसकट उभ्या राहिल्या. गाणं म्हणजे काय, तर बराच वेळ सा, मग पंचमावर जाऊन दोन मात्रा मुक्काम, पुन्हा सा. पुढे चार पायऱ्या खाली, तीन वर. पण तो म्हणे असा, की त्या एका 'सा'वर पेठेतलं एखादं दुकान उभं राहावं.

मी सरगम लिहून घेतली. "तू म्हणतोस तस्संच म्हण, गाळू नकोस," एवढी ताकीद मी त्याला दिली होती. ही ताकीद पुढे मला नडली.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी तो एकदम थांबायचा. दोन मात्रा काहीच नाही, मग चौथी ओळ. मला ती रिकामी जागा बघवेना. तिथे मी एक छोटीशी तान टाकून पाहिली. तोताराम अवघडला.

"आठे काही नको, रावसाहेब. आठे थांबानं."

"का पण?"

"आठे थांबतस. मी तठे दम घेस."

गायकाला दम घ्यायची जागा लागते, हे मी मान्य केलं. पण गिटारला कसला दम, असंही मनात आलंच. तरी ती जागा मी रिकामी ठेवली.

मग रोज कचेरी सुटल्यावर पाच ते सहा माझी तालीम सुरू झाली. पुस्तकातल्या चित्रात डावा पाय चौरंगावर ठेवलेला होता, म्हणून मी पाटावर ठेवला. तुटलेली बारीक तार या गाण्यात लागतच नव्हती. ही केवढी सोय, असं मला त्या वेळी वाटलं.

आठ दिवस सुनंदाबाई काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "तार जुळवून झाली की सांगा, मी गाणं ऐकायला येऊन बसेन."

मी त्यांना समजावलं की गाणंच चाललं आहे. पाश्चात्य संगीत गंभीर असतं, त्यात आपल्यासारखी मुरकी-हरकतींची चैन नाही, हे वैराग्याचं संगीत आहे. त्यांनी मान डोलावली आणि मोरी धुवायला घेतली.

शेजारचे रुपचंदशेठ सराफ. त्यांनी गिटार कानाशी धरून दागिन्याचा कस पाहावा तशी टिचकी मारली, लाकूड चांगलं आहे म्हणाले, आणि सल्ला दिला: "नाना, याच्याबरोबर तबला ठेवा. नुसतं असं ऐकलं की माणसाला आपलं वय आठवतं." समोरच्या धुरपदाबाईंचं म्हणणं अधिक सविस्तर होतं. "कोणीतरी जिना चढतंय नि उतरतंय, चढतंय नि उतरतंय. दार काही उघडत नाही. आम्ही रोज वाट पाहतो." वरून माळवदावर वाळत घातलेले पापड आवरत त्या हे सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलल्या. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, पण रात्री जेवण कमी गेलं.

मार्चमध्ये पोस्टाचा एक निरीक्षक दारात उभा राहिला. या घरात पाच ते सहा विनापरवाना रेडिओ वाजतो, असा निनावी अर्ज त्यांच्याकडे गेला होता. मी गिटार पुढे केली. त्याने तिच्या पोटात बॅटरी मारून पाहिलं, वायर कुठे जोडतात ते विचारलं, आणि खात्रीसाठी वाजवून दाखवा म्हणाला. मी पूर्ण गाणं वाजवलं, दोन मात्रा थांबलो, शेवट केला. तो वहीत बराच वेळ लिहीत होता. त्याने सही घ्यायला वही पुढे केली तेव्हा मी वाचलं: "सदर वस्तूमधून कोणताही कार्यक्रम ऐकू येत नाही." मी सही केली. माझ्या संगीतावर सरकारदरबारी झालेली ही एकमेव नोंद आहे.

त्यातच कचेरीची परवानगी. सरकारी नोकराने जळगाव सोडून धुळ्याला जायचं, आणि तिथे धार्मिक समारंभात वाद्य वाजवायचं, म्हणजे अर्ज आला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्या जीवरामभाऊंनीच अर्जावर शेरा मारला: वाद्याचा प्रकार, प्रयोजन व वाजवण्याची वेळ नमूद करावी. मी नमूद केली. मग दुसरा शेरा: वाजवण्याने प्रक्षोभ होण्याचा संभव आहे काय? मी पोस्टाच्या निरीक्षकाच्या अहवालाची नक्कल जोडली. परवानगी लगेच मिळाली.

या सगळ्यात एकटा तोताराम माझ्या बाजूचा. दर रविवारी येई, डोळे मिटून ऐके, आणि म्हणे, "बठ्ठं बरोबर शे." एकदा वाजवून झाल्यावर तो उठलाच नाही. मग म्हणाला, "घर रिकामं वाटस, रावसाहेब. पन हाई आयकं की जेवाले बसता येस." त्या दिवशी मला धुरपदाबाईंचं काहीच वाटलं नाही.

मे महिन्यात तोताराम आठ दिवस आधी पुढे गेला. मी लग्नाच्या सकाळी एसटी धरली. गिटारला उन्हाची झळ लागू नये म्हणून सुनंदाबाईंनी तिला गोधडीत गुंडाळली होती. मी ती मांडीवर आडवी घेतली. एरंडोलला शेजारी एक म्हातारी बसली, तिने गोधडीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताप शे का?" मी काही बोलायच्या आत तिने मागच्या बाकाला सांगितलं. लोकांनी खिडक्या लावल्या, मला ऐसपैस जागा करून दिली. पारोळ्याला कोणीतरी लू लागू नये म्हणून कांदा आणून गोधडीत सारला. एवढ्या मायेनंतर आत गिटार आहे हे सांगायची माझी छाती झाली नाही. धुळ्याला उतरताना म्हातारीने गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं व्हई."

देवळात पाळकसाहेबांनी माझं स्वागत केलं. पायाखाली घ्यायला पाट नव्हता, म्हणून एक वीट आणून दिली. विटेवर पाय गेला की आमच्याकडे हात कमरेवर जातात. मी ते मोठ्या कष्टाने तारांवर आणले. डाव्या हाताच्या बाकांवर पुरुष, उजव्या हाताला बायका. देऊळ भरलं होतं, आणि कांद्याचा वास येत होता तो माझ्याकडूनच.

दारात तोताराम उभा राहिला. नवा पांढरा कोट, आणि त्याच्या हाताला धरून पांढऱ्या साडीतली बेबा. पाळकसाहेबांनी मला खूण केली. मी अंगठा तारेवर टेकवला आणि सुरू केलं.

पहिली ओळ झाली. लोक वाट पाहत राहिले. दुसरी ओळ झाली. पुढच्या बाकावरचा एक गृहस्थ वाकून म्हणाला, "सावकाश जुळवा, घाई नाही." पाळकसाहेब माझ्याकडे फार प्रेमाने पाहत होते, आणि तसं प्रेम माणूस आजाऱ्यावर करतो. बेबा दारातून हलली नव्हती. ती बापाकडे बघत होती, मग माझ्याकडे, पुन्हा बापाकडे. मी तिसरी ओळ घेतली, थांबायच्या जागी थांबलो, आणि त्या दोन मात्रांत सगळं देऊळ इतकं शांत झालं की मला विटेसकट जमिनीत जावंसं वाटलं. हे गाणं तिच्या आईचं नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. एका आई नसलेल्या पोरीच्या लग्नात मी भलतंच काही वाजवत होतो. शेवट केला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तेव्हा बेबा गायला लागली.

माझ्या 'सा'वर तिने गंधार लावला. कारकुनाच्या सवयीने माझ्या मनात पहिल्यांदा आलं की पोरगी चुकली. मी आपला एका जागी उभा आणि ती निघाली वर, वळणं घेत, थांबत, पुन्हा वर. तिची चाल वेगळी, माझी वेगळी. आणि दोन्ही मिळून एक. मी पंचमावर गेलो तर ती तिथे आधीच माझी वाट पाहत असल्यासारखी. आमच्या संगीतात एका गाण्याला एक चाल असते, बाकीच्यांनी तिच्या मागून जायचं असतं. दोन माणसं दोन गाणी म्हणतात आणि त्यांचं एक गाणं होतं, हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. माझा अंगठा आपोआप चालला होता. मी वाजवत होतो असं म्हणणं खोटं होईल. फक्त हात जोडायचे राहिले होते.

दुसऱ्या ओळीला तोतारामने खालून सूर धरला. तसेच दोघे एकेक पाऊल टाकत पुढे येऊ लागले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी आम्ही दोघं थांबलो, तो दम घ्यायला आणि मी त्याने सांगितलं म्हणून. आणि त्या दोन मात्रांत बेबाचा सूर एकटाच सगळ्यात उंच गेला आणि तिथे थांबला. तीन महिने जी जागा मला रिकामी वाटत होती, ती भरलेली होती. तिथे मी तान टाकणार होतो, हे आठवून मला आजही शरम वाटते.

जेवणं झाल्यावर मी तोतारामला देवळामागच्या कडुनिंबाखाली गाठलं. "अरे, हे अर्धंच गाणं होतं. सांगायचं नाहीस का?"

तो गोंधळला. "तुम्ही इचारं, तू काय म्हनस? मी म्हनस ते मी सांगं."

"पण मूळ चाल वरची."

"वरलं बाया म्हनतस. माणसे खालचं. मडमनी तसंच शिकाडं."

"म्हणजे शेवंताबाई काय म्हणायची ते तुला माहीतच नाही?"

"माहीत कसं नही," तो म्हणाला. "सव्वीस वरीस आयकं. पन ते तिन्हं शे. ते मी कसं म्हनू?"

मी बेबाला शोधलं. नवरी असूनही ती पायरीवर बसून तीनदा ते म्हणाली आणि मी उतरवून घेतलं. दुसरा कागद नव्हता म्हणून कचेरीच्या परवानगीपत्राच्या पाठीवर लिहिलं. उठताना ती म्हणाली, "काका, आता घरी आबा एकटे म्हणतील. वरती कोणी नाही." आणि सासरच्या बायकांनी तिला आत नेलं.

आता खरं काम सुरू झालं. एका गिटारवर दोन माणसं बसवायची होती. अंगठा तोतारामचा, आणि बोटं शेवंताबाईची. तीन बोटांना तीन महिन्यांच्या रजेनंतर एकदम कामावर घेतल्यावर ती जशी वागतील तशीच वागली. शिवाय आता ती तुटलेली बारीक तार लागत होती. गाण्याचा वरचा सूर तिच्यावरच होता. मुंबईच्या दुकानाने कळवलं की तारा परदेशातून येतात, आयात परवान्याची वाट पाहत आहोत, आपणही पाहावी. रुपचंदशेठ म्हणाले चांदीची तार ओढून देतो. ती दिली, आणि ती पहिल्याच पिळाला माझ्या कानाजवळून गेली.

शेवटी गाद्या पिंजायला आलेल्या नथ्थू पिंजाऱ्याने प्रश्न सोडवला. त्याच्या धनुकलीला ताणलेली आतड्याची तांत असते, कापूस तिच्यावर उडतो. त्याने तिला झणकारलं आणि मी घरातून पळत बाहेर आलो. त्याने पिशवीतून एक बारीक तांत काढून दिली. कशाला हवी ते ऐकल्यावर म्हणाला, "बाबूजी, हिने आजवर कापूसच उडवलाय. बघा, तुमचं काय उडतंय."

ती तांत लागली. आषाढ उलटला तरी माझं जमत नव्हतं. अंगठा चालला की बोटं थांबत, बोटं चालली की अंगठा बायकोच्या मागे चालणाऱ्या नवऱ्यासारखा मागे मागे राही. मग एका संध्याकाळी दोघे बरोबर निघाले आणि शेवटपर्यंत बरोबर गेले. मी दचकून मान वर केली, तर सुनंदाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. किती वेळ ते माहीत नाही.

"झालं वाटतं गाणं सुरू," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून आत गेल्या. समोर माळवदावर धुरपदाबाईंनी त्या दिवशी धुणं आवरलं नाही.

मी तोतारामला बोलावलं. दिवेलागणीची वेळ होती. टोपी हातात घेऊन तो नेहमीच्या जागी उभा राहिला. मी पाटावर पाय ठेवला आणि दोघांना सुरू केलं, खाली तो, वर ती. पहिली ओळ पुरी झाली आणि तोतारामने हात वर केला.

मी थांबलो.

"चुकलं का?"

"नही." तो तारांकडे बघत म्हणाला. "बरोबर शे. रावसाहेब, आंगठा उचला. तेवढं मी म्हनस."

मी अंगठा उचलला. तीन बोटांवर शेवंताबाईचं गाणं सुरू केलं आणि खालून तोताराम आला. कोनाड्यातला तांब्या पुन्हा थरथरू लागला. दोन ओळी अशा गेल्या, की माझ्या हातून कसं वाजत होतं ते मला आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तो थांबला आणि नथ्थूच्या तांतीवर तो सूर एकटाच वर गेला.

सव्वीस वर्षं त्या जागी तोतारामने दम घेतला होता. त्या दिवशी त्याने घेतला नाही. तो नुसता ऐकत राहिला, आणि चौथी ओळ आली तेव्हा त्याला परत यायचं सुचलंच नाही. मी हळूच अंगठा तारेवर टेकवला आणि तो येईपर्यंत त्याची जागा धरून ठेवली.